ठाणं सोडण्याआधी पायी

ठाणं सोडून जाणारी माणसं फार लांब जातातच असं नाही. कुणी डोंबिवलीला जातं, कुणी बदलापूरला, कुणी मुलाच्या मागे पुण्याला नाहीतर थेट परदेशी. आणि पुष्कळ जण घोडबंदर रोडला जातात. पोस्टाच्या लेखी ते ठाण्यातच असतात, पिनकोडचे शेवटचे आकडे तेवढे बदलतात. पण सहा महिन्यांत त्यांच्या तोंडी ‘शनिवारी जरा ठाण्यात जाऊन येतो’ हे वाक्य येतं आणि घरात ते कुणालाच खटकत नाही. ठाणं म्हणजे स्टेशन ते तीन हात नाका आणि खाडी ते पाचपाखाडी, हे जुन्या ठाणेकरानं मनाशी कधीच ठरवून टाकलेलं असतं. बाकीचं सगळं नंतर आलेलं.

सामान हलवायची तारीख ठरली की एक शेवटची फेरी मारायची हुक्की प्रत्येकाला येते. ती बहुतेकांची फसते. रविवारी संध्याकाळी तलावपाळी गाठली की पाळीवर पाय ठेवायला जागा नसते आणि तळं दिसतं ते लोकांच्या डोक्यांवरून. गाडी काढून उपवन, येऊर, घोडबंदरचा किल्ला आणि टेंभी नाका एका दिवसात उरकायचा बेत केला, तर निम्मा दिवस तीन हात नाक्याच्या आणि कापूरबावडीच्या सिग्नलला जातो, उरलेला पार्किंग शोधण्यात. जुन्या ठाण्यातले रस्ते एकेरी, बोळ दुचाकींनी भरलेले; गाडीतून दिसते ती पुढच्या रिक्षाची मागची बाजू.

पायी मात्र हे गाव अगदीच लहान आहे. खाडीकाठच्या मीठबंदरापासून निघून स्टेशन, बाजार, कौपिनेश्वर, तलावपाळी, टेंभी नाका, जेल असं करत चरईतून नौपाड्यात उतरलं, तरी सहा-सात किलोमीटरच्या पुढे जात नाही. दोन सत्रांत करावं: सकाळी साडेसहा ते अकरा, आणि मग उन्हं कलल्यावर. मधली दुपार घरी काढावी, कारण ऑक्टोबर असो की एप्रिल, खाडीकाठच्या दमट हवेत बारा वाजता चालणं म्हणजे नुसता घाम गाळणं.

फेरी कुठून कुठे न्यायची, यावर माझं एक ठाम मत आहे. इमारती बघत फिरू नये. नौपाडा, पाचपाखाडी, चरई इथली निम्मी घरं पुनर्विकासाला गेली आहेत किंवा जायच्या वाटेवर आहेत. आज निरोप घेतलेला कोपरा पाच वर्षांनी परत आल्यावर ओळखूही येणार नाही. पाण्याच्या कडेनं जावं. पूर्वेला खाडी, मध्ये तलाव, पश्चिमेला येऊरचा डोंगर, आणि या तिघांच्या मध्ये माणसांनी जागा शोधत वस्ती केली, असा हा सगळा मामला आहे. पाणीही अगदी सुरक्षित आहे असं नव्हे. एकेकाळी इथे साठ-पासष्ट तलाव होते असं सांगतात, आज पस्तीसच्या आसपास उरलेत. पण जे उरले ते आता बुजवता येत नाहीत, एवढी खात्री धरायला हरकत नाही.

तर सुरुवात खाडीपासून, आणि तीही ओहोटीला. इथेच पहिली चूक होते. भरती असली की मीठबंदरावर करड्या पाण्याचा एक सपाट पट्टा दिसतो आणि माणूस पाच मिनिटांत कंटाळून परत फिरतो. बघण्यासारखं जे आहे ते चिखलात आहे. ओहोटीची वेळ काढायला ॲप लागत नाही, कालनिर्णय पुरतं. किनारपट्टीवरचा जुना हिशेब असा: तिथीला तीननं गुणायचं आणि चारानं भागायचं, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. द्वितीया असेल तर दोन त्रिक सहा, भागिले चार, म्हणजे दीड. पहाटे दीडला भरती, त्यापुढे सव्वासहा तासांनी, पावणेआठच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. तृतीयेला साडेआठ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. खाडीच्या या टोकापर्यंत पाणी यायला-जायला थोडा वेळ जास्त लागतो, म्हणून अर्धा तास इकडेतिकडे धरावा. द्वितीया-तृतीयेचा दुसरा फायदा असा की पौर्णिमा-अमावास्येचं उधाण अजून सरलेलं नसतं, त्यामुळे पाणी लांबवर ओसरतं आणि चिखल चांगला उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. तो आठवडा टाळावा.

स्टेशनच्या दहा नंबर फलाटाच्या बाजूनं पूर्वेला बाहेर पडलं की कोपरी आणि चेंदणी. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची कोपरी आणि त्याआधीपासूनचा कोळीवाडा, दोन्ही शेजारी शेजारी. चेंदणी रेल्वेच्या दोन्ही अंगांना आहे; रुळांनी गावाचे दोन तुकडे केले आणि दोन्हीकडच्यांनी नाव सोडलं नाही. मीठबंदर रोडनं सरळ चालत राहायचं. घरं विरळ झाली, हवेला खारट-कुजकट वास आला की आपण बरोबर आहोत. तो वास चिखलात सडणाऱ्या पाल्याचा असतो; सांडपाण्याचा वेगळा येतो, आणि इथे दोन्ही येतात.

काठावर उभं राहून पाचेक मिनिटं अजिबात हलायचं नाही. आधी काहीच दिसत नाही. मग चिखलच हलायला लागतो. बोटाएवढे, चिखलाच्याच रंगाचे निवटे बिळांतून बाहेर येतात. मासाच, पण डोळे डोक्याच्या वर, बेडकासारखे बाहेर आलेले, आणि पुढच्या दोन परांवर शरीर रेटत सरपटणारा. कातडी ओली आहे तोवर तो हवेतही श्वास घेतो, म्हणून मधूनच एका कुशीवर लोळून अंग भिजवून घेतो. दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचा पर पंख्यासारखा ताठ करतात, तोंडं वासतात, आणि एक जण माघार घेतो. आगरी-कोळी घरांत याच निवट्यांचं कालवण होतं. हल्ली कमी. समोरच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातलं कारखान्यांचं पाणी आणि अख्ख्या शहराचं सांडपाणी याच खाडीत येतं, त्यामुळे मासळीचा आणि मासळीवर जगणाऱ्यांचा हिशेब कधीच बिघडला आहे.

निवट्यांच्या अवतीभोवती पेन्सिली रोवल्यासारखी जी टोकं चिखलातून वर आलेली दिसतात, ती तिवराची, म्हणजे खारफुटीच्या झाडाची, श्वसनमुळं. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळंच वर पाठवतं. तिवराचं पान उन्हात तिरपं धरून बघावं: वरच्या अंगाला मिठाचे बारीक कण चमकतात. खारं पाणी शोषायचं आणि मीठ पानांतून बाहेर टाकायचं, ही त्याची रीत. जिभेला लावून बघायचा मोह इथे आवरावा, पाणी त्या लायकीचं नाही. आणि चिखलात उतरू नये. वरून घट्ट वाटतो, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत जातो. चप्पल तर परत मिळतच नाही.

रोहित पक्षी इथे दिसतील या आशेवर राहू नये. ते साधारण नोव्हेंबर ते मे खाडीत असतात, पण जवळून बघायचे तर ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीनं जावं लागतं. ही बाजू २०१५ मध्ये अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली. तिथली बोट भरतीच्या पाण्यावर सुटते, घड्याळावर नाही. म्हणून आधी वेळ विचारून मगच निघावं. निवट्यांना ओहोटी हवी आणि बोटीला भरती, तेव्हा दोन्ही एका सकाळी जमत नाहीत.

काठावरून उत्तरेकडे कळव्याचे पूल आणि पलीकडे पारसिकचा डोंगर. दगडी कमानींचा ब्रिटिशकालीन पूल वाहतुकीला बंद आहे. त्याच्याजवळच २०२२ मध्ये केबलांवर तोललेला नवा पूल सुरू झाला. १८५३ मध्ये आगगाडी ठाण्यापर्यंत आली आणि १ मे १८५४ ला खाडी ओलांडून कल्याणला पोचली. पारसिकच्या पोटातला सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा मात्र १९१६ चा.

परतताना रेल्वेचा पूल चढून पश्चिमेला उतरायचं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली चौदा डब्यांची गाडी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढत ठाण्याला आणली. चौतीस किलोमीटरला सत्तावन्न मिनिटं लागली. आज सीएसएमटीहून सुटणारी धीमी लोकलही जवळपास तेवढाच वेळ घेते. मधे सतरा थांबे आहेत, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. कुठल्याही मोठ्या जंक्शनावर भूतकाळ शोधणं अवघडच असतं, ठाण्याला तर अशक्य. सकाळी साडेआठला फलाटावर थांबून काही न्याहाळायचं म्हटलं तर गर्दीच तुम्हाला उचलून गाडीत घालेल. वर सॅटिसच्या उन्नत रस्त्यावर बसगाड्या, खाली रिक्षा. खालच्या अंगानं बाहेर पडून सुभाष पथ धरावा.

याच रस्त्यावर मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. १ जून १८९३ ची स्थापना, म्हणजे मुंबईच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या पाच वर्षं आधीची. ते उभारण्यात विनायक लक्ष्मण भावे पुढे होते, ज्यांनी पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. गाव सोडणाऱ्यानं इथे दोन कामं उरकावीत: घरात राहिलेली पुस्तकं परत करावीत आणि अनामत रक्कम मागून घ्यावी. पावती सापडत नाही म्हणून ती सोडून देणारेच जास्त. सभासद क्रमांक सांगितला की नोंद निघते, नुसतं विचारायला काय जातं.

मामलेदार कचेरीजवळची मिसळ रांग लांबायच्या आत खावी. तिखट किती ते आधीच सांगायचं असतं. ज्याला रोजची सवय नाही त्यानं ऐटीत ‘तिखट’ सांगू नये. तर्री पहिल्या घासाला गोड लागते आणि चौथ्याला कानाशी येते. पुढे अडीच-तीन तास चालायचं आहे, हे लक्षात ठेवून ‘मिडियम’वर थांबावं आणि ताक घ्यावं. कुंजविहारचा वडापाव की गजाननचा, हा वाद इथे उकरत नाही. दोन्ही वेगळ्या जातीचे आहेत. गजाननची खरी ओळख वड्यापेक्षा त्याच्याबरोबरच्या पिवळ्या, बेसनाच्या पातळ चटणीत आहे, आणि ती बांधून नेली की तिचं सगळं बिघडतं; तासाभरात आळते. ती तिथेच उभ्यानं खायची गोष्ट आहे.

जांभळी नाक्याचा बाजार या फेरीतला माझा सगळ्यात आवडता तुकडा. मंडई, फुलवाले, पूजेचं सामान, भांडी, आणि रस्त्याच्या कडेला येऊरच्या पाड्यांवरून आणि शहापूर-मुरबाडकडून आलेल्या बायका. ठाणं जूनमध्ये सोडणार असाल तर त्यांच्यापुढे बसकण मारावीच. पहिल्या पावसाच्या तोंडावर शेवळं येतात: जांभळट-तपकिरी, कोवळ्या कणसासारखी दिसणारी, जुडी बांधलेली. शेवळांबरोबर काकडं, म्हणजे आंबट रानफळं, मागून घ्यायची विसरलात तर भाजी फुकट. शेवळात घशाला खाजवणारा अंश असतो आणि तो काकडांच्या आंबट रसानं मारावा लागतो. काकडं न मिळाल्यास चिंच किंवा आमसूल, पण चव तीच नाही. निवडताना वरचं आवरण सोलून काढायचं, आतल्या दांड्याच्या बुडाशी जो पिवळा, दाणेदार भाग असतो तो टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं. पिवळा भाग राहिला की खाज राहिली. चिरून तेलावर चांगलं परतल्याशिवाय पाणी घालायचं नाही. सीकेपी घरांत त्यात सोडे किंवा कोलंबी पडते आणि त्या दिवशी घरात दुसरं काही शिजत नाही. जुलै उजाडला की शेवळं संपतात, मग कंटोळी, टाकळा, कुड्याच्या शेंगा. परगावी गेलेल्याला ही भाजी ऑनलाइन मागवता येत नाही. आणि मागवलीच, तरी काकडं कोण देणार?

बाजार संपतो तिथे कौपिनेश्वर. देवस्थान शिलाहारांच्या काळापासूनचं मानतात. आजचं मंदिर उभं राहिलं ते १७६० च्या सुमारास, मराठ्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी जीर्णोद्धार केल्यावर. आतली पिंड एवढी थोरली की पहिल्यांदा येणारा दारातच थबकतो. आवारात शीतलादेवी आहे, कालिका आहे, मारुती, दत्त; कुठल्याही घरची कुठलीही बाई आली तरी तिचा देव तिला इथे सापडतो. सोमवारी, त्यातून श्रावणी सोमवारी, इकडे फिरकू नये. रांग पार रस्त्यावर येते. गुढीपाडव्याला स्वागतयात्रेसाठी रस्ते बंद असतात, पण त्या दिवशी रस्ते बंद असणं हाच कार्यक्रम असतो.

समोर मासुंदा. ठाणेकर त्याला मासुंदा क्वचितच म्हणतो. तो तलावपाळीला जातो. सकाळी दहाच्या आत इथे फक्त चालणारे म्हातारे, बोटी बांधलेल्या, आणि मधल्या बेटावरचं शंकराचं देऊळ. पाळीवरून एक पूर्ण प्रदक्षिणा रमतगमत पंधरा-वीस मिनिटांची. गणपतीच्या वेळी तलावालगत कृत्रिम हौद बांधतात. तळ्यातच सगळं विसर्जन व्हायचं तेव्हा नंतरच्या आठवड्यात पाण्यावर जे तरंगत असे ते आठवणाऱ्यांना हौदाची थट्टा करवत नाही. कडेलाच १९७८ चं गडकरी रंगायतन. शेवटच्या आठवड्यात एखाद्या नाटकाचं तिकीट काढायचं तर ते नाटक बघावंच असं नाही, पण कट्ट्यावर अर्धा तास आधी जाऊन उभं राहावं. शहरातले निम्मे ओळखीचे चेहरे तिथे भेटतात आणि निरोपाच्या वेगळ्या गाठीभेटी वाचतात. दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी हाच परिसर आणि राम मारुती रोड नवे कपडे घातलेल्या पोरापोरींनी इतका भरतो की रस्ता ओलांडता येत नाही. ज्यांना त्या गर्दीचा त्रास होतो ते ठाणं सोडायला तयार झालेत असं समजावं.

तलावालगतच सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च. पोर्तुगीज काळातलं, शेजारी शाळा असल्यामुळे सकाळ-दुपार आवारात मुलांचा गलका. प्रार्थनेची वेळ टाळून, टोपी काढून, आत दोन मिनिटं बसायला कुणी हरकत घेत नाही.

टेंभी नाका नवरात्रात टाळावा किंवा नवरात्रातच बघावा, मधला मार्ग नाही. आनंद दिघ्यांनी सुरू केलेल्या देवीची गर्दी रात्री दहानंतरही हटत नाही. एरवी हा नाका सरळ ओलांडून सिनेगॉगकडे वळावं. शआर हाशामाइम, म्हणजे स्वर्गाचं दार, १८७९ चं. ही बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची जागा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणवले गेलेले, गावावरून पडलेली आडनावं लावणारे, घरात मराठी बोलणारे हे लोक. ते इस्राएलला गेले तेव्हा कित्येकांनी जाण्याआधी इथे मलिदा केला असेल: भिजवलेले पोहे, खोवलेला नारळ, साखर, सुका मेवा, फळं, आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव. गाव सोडताना करायचा विधी ज्यांच्याकडे आधीपासून तयार होता, असे ठाणेकर हेच. आत जायचं तर आधी विचारून ठेवावं आणि ओळखपत्र जवळ बाळगावं. सुरक्षेमुळे कुणालाही सहज सोडत नाहीत. शनिवारी तर जाऊच नये. परवानगी नसेल तर रस्त्यावरून बघून पुढे व्हावं, दारावरच्या पोलिसाशी हुज्जत घालू नये.

कोर्ट नाक्यावरून जेलकडे. भिंतीचे फोटो काढायला मनाई आहे आणि आत जायचा मार्ग कुणाला हवासा नसतो, तेव्हा इथे फक्त बाहेरून चालायचं. पण हा तट कोणाचा हे ठाऊक असलं की चालण्याला अर्थ येतो. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास किल्ला बांधायला घेतला, पुरा व्हायच्या आत १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि चिमाजीअप्पांची वसई मोहीम इथून पुढे सरकली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो जिंकला आणि नंतर तुरुंग केला. १७८७ मध्ये किल्ल्याजवळ खोदताना ताम्रपट सापडले, शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके ९३९ चे. श्रीस्थानक हे नाव मिरवणाऱ्या जुन्या नगराचा कागद असा जमिनीतून वर आला. पुढे दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथे कैदेत होते आणि सप्टेंबर १८१६ मध्ये निसटले. पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई. बाहेर घोड्याला खरारा करणारा मोतद्दार मराठीत गाणं म्हणत निरोप पोचवायचा आणि पहारेकऱ्यांना ते नुसतं गाणं वाटायचं, असं सांगतात. पहाऱ्याला मराठी येत नसल्याचा एवढा फायदा नंतर कुणाला झाल्याचं ऐकिवात नाही. याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल फाशी दिलं. कान्हेरे तेव्हा विशीतही नव्हते.

सकाळचं सत्र इथे संपवावं.

संध्याकाळी चरईतून, दगडी शाळेवरून नौपाड्याकडे. पावसाळा असेल तर वंदना टॉकीजच्या बाजूला जाण्याआधी आभाळ आणि कालनिर्णय दोन्ही बघावं. जोराचा पाऊस आणि खाडीची भरती एका वेळी आली की नाल्यातलं पाणी पुढे सरकत नाही आणि पहिलं तिथेच तुंबतं. विष्णूनगर, घंटाळी, गोखले रोड, राम मारुती रोड, असं आडवंतिडवं फिरावं, दुकानांकडे पाठ करून. फोटो काढायचेच तर इमारतींच्या पाट्यांचे काढावेत. श्रमसाफल्य, गुरुकृपा, मातृछाया. सिमेंटमध्ये कोरलेली, वर रंगाचे सात हात चढलेली अक्षरं. सोसायटी पुनर्विकासाला गेली की सगळ्यात आधी ही पाटी जाते आणि नव्या टॉवरला ‘हाइट्स’ किंवा ‘एन्क्लेव्ह’ जोडून काहीतरी नाव मिळतं. गेटाजवळचा तगर-पारिजात, जिन्याखालचं मीटरचं कपाट, पत्रपेट्यांवरची आडनावं, हे सगळं त्याच दिवशी टिपून ठेवावं. पत्रपेट्यांवर पंधरा वर्षांपूर्वी गेलेल्यांचीही नावं असतात; तुमचंही राहील. ती पुसायच्या भानगडीत पडू नये.

पाचपाखाडीत महापालिकेशेजारचा कचराळी तलाव. नावावर जाऊ नये, शहरातली सगळ्यात नीट ठेवलेली पाळ हीच, आणि संध्याकाळी सहाला इथले चालणारे घड्याळ लावून येतात. शांतपणे बसायचं तर मखमली तलाव बरा.

नातेवाइकांत कुणी विचित्र वागलं की ‘ह्याला ठाण्याला न्या’ असं अख्खा महाराष्ट्र म्हणतो, ते १९०१ पासूनच्या मनोरुग्णालयामुळे. ठाणेकर हा विनोद परगावी गेल्यावर आयुष्यभर ऐकतो. उत्तर आताच तयार करून ठेवलेलं बरं.

उपवन आणि येऊर दुसऱ्या दिवसासाठी ठेवावेत, पहाटेसाठी. स्टेशनवरून बसनं किंवा रिक्षानं पोखरण रोडवरून जायचं. रेमंडच्या गिरणीच्या जागी आता टॉवर उभे राहताहेत, ते ओलांडलं की डोंगर अंगावर येतो आणि पायथ्याला उपवनचं तळं. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बागेचा नाही. गेटवर अडवलं की पुढे जायचं नाही, अंधार पडायच्या आत खाली उतरायचं, आणि पावसाळ्यात धबधब्यांकडे वळायचं नाही. दर वर्षी बंदी लागते ती उगाच नाही, वर पडलेला पाऊस खाली दिसत नाही आणि ओढा काही मिनिटांत फुगतो. बिबट्याचा वावर आहे, म्हणून झुंजूमुंजूला एकट्यानं आणि कानात गाणी घालून चालू नये. वर पाटोणपाडा, जांभूळपाडा. कालच्या बाजारातल्या बायका ज्या वाटेनं टोपल्या घेऊन उतरतात ती ही वाट. मामा-भाचे टेकडीच्या बाजूनं शहराचा सगळा आडवा पट्टा दिसतो: आधी झाडी, मग टॉवर, मग धुरकट गावठाण आणि त्यापलीकडे खाडीची रेघ. हवा स्वच्छ असेल तर पारसिकही दिसतो. त्यासाठी पाऊस नुकता सरलेला हवा; जानेवारीत धुक्यात आणि धुळीत काही दिसत नाही, तेव्हा त्या महिन्यात एवढी चढण फक्त देखाव्यासाठी चढू नये.

उतरताना उपवनला चहा घ्यावा आणि साडेआठच्या आत बस पकडावी. नंतर पोखरण रोडवर ऑफिसची गर्दी लागते आणि टेंपोवाला घरी येऊन थांबलेला असतो.